नाथाची जागा

राधाकिशन: थांबलात कावून? ओ बाई, सव्वादहा झाले.

सारजाबाई: वरून वरडू नका, आबा. मला वर बघता येत न्हाई, नजर मालावर ठिवावी लागती. बोलायचं असंल तर खाली या.

राधाकिशन: खाली? मशीनच्या समोर?

सारजाबाई: मी हितंच हाय की सकाळधरनं.

राधाकिशन: तुम्हीच या ना वर, दोन मिनिटं.

सारजाबाई: माल उतारावर असला की हाक देनाऱ्यानं जागा सोडायची नसती. माल खाली बसूस्तवर त्येनं मालाच्या म्होरं उबं राहायचं, मालाकडं तोंड करून. त्येचा जीव खाली हाय म्हनून वरच्या चौदा मान्सांचं ध्यान जाग्यावर ऱ्हातं. त्या बाजूनं या, भिताडाच्या कडंनं. पोट आत वढा, म्हंजी मावताल.

(मांजरसुंब्याच्या अलीकडं, हायवेला लागून नवं जिनिंग. कापसाच्या गठाणी बांधायचा बावीस टनांचा प्रेस शेडच्या दारातल्या उतारावर मधेच उभा आहे. खाली लोखंडी रूळ, रुळांपुढं बाभळीच्या दोन पाचरी, आणि मागून त्याला धरून ठेवणारा दोर लिंबाच्या खोडाला तीन वेढे घेऊन टोळीतल्या सटवाच्या हातात. राधाकिशन आबा पांढरी विजार सांभाळत, भिंतीला पाठ घासत खाली उतरतात. सारजाबाई त्यांच्याकडं बघत नाही. तेरा वर्षं ती ह्याच माणसाकडं डोळे लावून बसली होती. अजून पाच मिनिटं नाही बघितलं तर काही बिघडत नाही.)

राधाकिशन: झालं, आलो. बोला. दोर तुटला का रूळ वाकला?

सारजाबाई: दोर नवाकोरा हाय. रूळ सरळ हायती. पाचरी बी चांगल्या बसल्यात.

राधाकिशन: मग अडलं कुठं?

सारजाबाई: कुटंच न्हाई. मी थांबलेय.

राधाकिशन: अहो, बारा वाजता साहेब येणार. मंडप बघितला ना? तीनशे खुर्च्या टाकल्यात. पत्रिकेत छापलंय, बारा वाजून पाच मिनिटांनी प्रेसची पूजा. आणि प्रेस दारात आडवा. साहेबांनी काय उतारावर नारळ फोडायचा?

सारजाबाई: किती घाई असती वो तुमाला दर खेपेला.

राधाकिशन: दर खेपेला म्हणजे? आपली गाठ आजच पडतेय.

सारजाबाई: हनुमाननं मला काम दिलं, तवा तुमाला काय सांगितलं?

राधाकिशन: हनुमान आमचा मॅनेजर, त्यानंच आणलं तुम्हाला. म्हणला, पालीची टोळी हाय, मुकादम बाई हाय, पण हाक अशी देते की माल मेंढरागत मागं येतो. संभाजीनगरची क्रेन आलती, ती वरची हायटेन्शनची तार बघून माघारी गेली. म्हणलं, आणा बाईला. मी तर तुमचं नाव सुद्धा विचारलं नाही.

सारजाबाई: तितंच चुकलं तुमचं. नाव इचारायचं असतं. मी सारजा. नाथाची बायकू.

राधाकिशन: कोण नाथा?

सारजाबाई: लई नाथा गेलेत का तुमच्या मालाखाली? नांदूरघाटच्या तेलमिलात बॉयलर उतरवला, तेरा वर्सं झाली. त्यो नाथा.

राधाकिशन: ... अस्सं. तो नाथा. हां, वाईट झालं ते. मी आलो होतो तवा तुमच्या घरी.

सारजाबाई: आलते की. माज्या सासूच्या पायावर डोकं ठिवलं तुमी. म्हनले, मावशे, लेक लई गुनी व्हता, पन त्या दिशी पिऊन आला, मी नगं नगं म्हनताना मालाखाली गेला. माजी सासू माळकरीन. नाथाच्या गळ्यात बी माळ व्हती, तिनंच घातलेली. त्या दिसापासनं तिनं लेकाचं नाव जिभंवर घेतलं न्हाई. घरात त्येचा फोटू लावू दिला न्हाई. मी सांगून सांगून थकले, आत्या, तुमचा लेक प्यायला नव्हता. ती म्हनायची, एवढा मोठा मानूस माज्या पायावर डोकं ठिवून लबाड बोलंल का?

राधाकिशन: हे बघा, जुनं उकरून काढायची ही जागा नाही.

सारजाबाई: हीच जागा हाय. उतार हाय, माल हाय, तुमी हायत.

राधाकिशन: पंचनाम्यात लिहिलंय सगळं. कपड्यांना दारूचा वास होता, डॉक्टरनं लिहून दिलंय. मी काय मनानं बोललो?

सारजाबाई: नाथानं त्या दिशी माल थांबवला व्हता. दोराचा पीळ उलगडलाय म्हनला, दुसरा दोर येऊस्तवर बॉयलर हलवायचा न्हाई. पाचर मारून म्होरं उबा ऱ्हायला. तुमचा मुहूर्त व्हता अकरा दहाचा. तुमी घन घेतला आन पाचर उडवली.

राधाकिशन: कोण म्हणतं?

सारजाबाई: सटवा भावजी. नाथाचा धाकटा भाऊ. दोर त्येंच्याच हातात व्हता. आज बी हाय.

राधाकिशन: तो वर लिंबापाशी उभा हाय तो? अरे, तो भाऊच की. भावासाठी बोलणारच. दोर त्याच्याच हातून सुटला, हे तमाम गावाला ठावं हाय.

सारजाबाई: तमाम गावाला तुमीच सांगितलं ते. येक भाऊ बेवडा, दुसरा हाताचा ढिला. त्या मान्सानं दोराच्या मागं पळताना दोन्ही तळहाताचं कातडं घालवलं, आबा. हाडं दिसत व्हती. त्येलाबी इस्वासानं कुनी काम दिलं न्हाई वर्सभर.

राधाकिशन: माल खाली घ्यायचाय का नाही, तेवढं सांग. नाहीतर जेसीबी बोलावतो.

सारजाबाई: बोलवा. उताराला बावीस टन हाय. जेसीबीनं बोट लावलं की माल आडवा हून भिताडात. शेड बी जाईल.

राधाकिशन: दुसरी टोळी आणतो मग. तू एकटी हायस का जिल्ह्यात? ... हॅलो, कोण, धुळाजी मुकादम का? राधाकिशन बोलतोय. टोळी घेऊन मांजरसुंब्याला या, आत्ताच्या आत्ता. माल उतारावर उभा हाय, फकस्त खाली घ्यायचाय. ... हां, पाचर लावलेली हाय. ... कुणाची म्हणजे? पालीच्या बाईची. सारजाबाई. ... हॅलो? हॅलो.

सारजाबाई: ठिवला का?

राधाकिशन: रेंज गेली.

सारजाबाई: रेंज न्हाई गेली. येका टोळीची पाचर दुसरी टोळी काडत न्हाई. ज्यानं हाक दिऊन लावली त्येनंच हाक दिऊन काडायची. अकराच्या अकरा तालुक्यांत फिरा, भित्रा असू द्या, पिनारा असू द्या, हात लावनार न्हाई. आजवर दुसऱ्याची पाचर काडनारा येकच मानूस निघाला. त्यो मुकादम नव्हता.

राधाकिशन: तू मुद्दामच घेतलंस हे काम.

सारजाबाई: मग काय तर. मी मेंढरं राखनारी बाई. नाथाच्या मागं त्येची टोळी मी कावून धरली? पोट मेंढरावर बी भरलं असतं. पन मला ठावं व्हतं, तुमी मिला वाढवनार, जिनिंग काडनार, आन कवा ना कवा अशा जागी माल न्याल जितं क्रेन शिरत न्हाई. तुमच्या पाव्हन्यारावळ्यांची कामं केली मी. गहिनीनाथ पाटलाचा घाना उतरवला, तुमच्या साडूचं जनरेटर माडीवर चडवलं. नाव तुमच्या कानावर यावं म्हनून. बाया हसायच्या मला. म्हनायच्या, नवऱ्याला ज्यानं मारलं तेच लोखंड वढती. मी म्हनायचे, हसा.

राधाकिशन: दबा धरून बसलीस म्हण की.

सारजाबाई: हां. दबा धरून बसले.

राधाकिशन: बरं. बाई, ऐक. मी काय दगड नाही. जे झालं ते झालं. तुझी एक पोरगी हाय ना? तिला आपल्या शाळेवर घेतो. उद्याच ऑर्डर.

सारजाबाई: मोहिनी नर्स हाय बीडला. तिला तुमची शाळा नगं. मला बी काय नगं. त्या दिशी काय झालं, ते तुमच्या तोंडानं म्हना. तुमी म्हनले की पाचर काडते, बाराच्या आत प्रेस जाग्यावर. मोहिनीची आन.

राधाकिशन: नुसतं म्हणायचं?

सारजाबाई: नुसतं म्हनायचं.

राधाकिशन: ... जवळ ये जरा. नाथा पिलेला नव्हता. झालं समाधान? काढ आता.

सारजाबाई: मला कावून सांगता? मला ठावं हाय. तिला सांगा.

राधाकिशन: कुणाला?

सारजाबाई: मागं बघा, शेडमदी. पार त्या कोपऱ्यात पोत्यावर बसलीया.

राधाकिशन: ती? ती टोळीची भाकरी आणि पाण्याची कळशी घेऊन आलेली म्हातारी ना?

सारजाबाई: जिच्या पायावर डोकं ठिवलं, तिचं तोंड बघितलं नव्हतं जनू. वच्छलाबाई. नाथाची आई.

राधाकिशन: चाळीस पावलं लांब हाय ती.

सारजाबाई: म्हनून मोठ्यानं बोलावं लागंल. सभेत बोलता तसं.

राधाकिशन: डोकं फिरलं का तुझं? वर मंडपवाले हायत, पत्रकार आलेत, कार्यकर्ते हायत. मी घरी येतो तुझ्या. कार्यक्रम झाला की संध्याकाळी येतो, तिच्यासमोर बसून सांगतो.

सारजाबाई: घरी येकदा आलते तुमी.

राधाकिशन: तिला इकडं बोलव मग.

सारजाबाई: तिनं कावून उठायचं? तेरा वर्सं तिनं तुमच्या सबदाचं वझं वाह्यलंय. आता जरा बसू द्या तिला.

राधाकिशन: ... हां, बोल हनुमान. ... कुठवर आले? ... केजहून निघाले? इतक्यात? ... नाही, होतंय, होतंय काम. तू लोकांना चहा दे. ठेव.

सारजाबाई: केजहून किती येळ लागतो वो? रस्ता चांगला झालाय म्हनत्यात.

राधाकिशन: लई विषारी बाई हायस तू.

सारजाबाई: बोलताय का जाताय?

राधाकिशन: ... मावशे. ओ मावशे. मी राधाकिशन. ऐकू येतंय का?

वच्छलाबाई: येतंय, आबासाहेब. बोला.

राधाकिशन: तुमचा नाथा... त्या दिवशी नाथा पिलेला नव्हता.

वच्छलाबाई: काय म्हनले?

राधाकिशन: नाथा पिलेला नव्हता. शुद्धीत होता. चांगला माणूस होता. झालं, सारजा. लोकं वाकून बघायला लागली वरून.

सारजाबाई: आत्याचं आजून झालं न्हाई वाटतं.

वच्छलाबाई: आबासाहेब, मंग वास कशाचा व्हता?

राधाकिशन: आं?

वच्छलाबाई: अंगरख्याला. मढं अंगनात आनलं, तवा म्या त्येच्या छातीवर नाक ठिवून हुंगलं व्हतं. पार भिजला व्हता अंगरखा. पिला नव्हता, तर वास कशाचा?

राधाकिशन: सारजा, मी बोललो, आपलं ठरलं होतं तेवढं.

सारजाबाई: ठरलं व्हतं, त्या दिशी काय झालं ते म्हनायचं. ती इचारतीय. सांगा.

राधाकिशन: बाटली... सांडली होती.

वच्छलाबाई: सांडली का वतली?

राधाकिशन: ओतली.

वच्छलाबाई: कुनी?

राधाकिशन: ... मी. मी ओतली. पाचर बी मीच काढली. सटवाची काही चूक नव्हती. मुहूर्त चालला होता, माणसं जमली होती, मला वाटलं दोर धरंल. नाही धरला. मिल बंद पडली असती, मावशे, दोनशे माणसांचं पोट होतं. मी घाबरलो. आता सगळं सांगितलं. आता काही राहिलं नाही.

वच्छलाबाई: बाटली वतली, तवा त्यो जित्ता व्हता का?

सारजाबाई: आत्या.

वच्छलाबाई: तू गप. मी त्येला इचारते. जित्ता व्हता का?

राधाकिशन: ... होता. थोडा वेळ.

वच्छलाबाई: काय म्हनला?

राधाकिशन: काही नाही.

वच्छलाबाई: आबासाहेब, म्या त्येला नऊ म्हैने पोटात वागवलंय. गपगुमान जानारा नव्हता त्यो. काय म्हनला?

राधाकिशन: पाणी मागितलं.

वच्छलाबाई: मंग?

राधाकिशन: पाणी लांब होतं.

वच्छलाबाई: बाटली हाताशी व्हती.

राधाकिशन: ... हां.

सारजाबाई: हे मला ठावं नव्हतं.

राधाकिशन: सारजा, बघ, मी लपवलं नाही काही. सगळं बोललो. तुझ्या पोरीची शपथ हाय. काढ पाचर.

सारजाबाई: मला वाटलं, तुमी घाईत पाचर काडली, भ्यालात, लबाड बोललात. तेवढंच. तेवढ्यासाठी मी तेरा वर्सं लोखंड वढलं. त्यो पानी मागतोय आन तुमी त्येच्या अंगावर...

वच्छलाबाई: सारजे, मला उठव.

सारजाबाई: जागा सोडता येत न्हाई, आत्या. माल उतारावर हाय.

वच्छलाबाई: मंग मीच येते. काटी हाय माज्यापाशी. ... आबासाहेब, तोंड वर कर. बघू दे मला. पाया पडला तवा नुसतं डोस्कं दिसलं तुजं.

राधाकिशन: मावशे, माफ करा. मी परत पाया पडतो.

वच्छलाबाई: नगं. उबा ऱ्हा. मेलेल्याच्या तोंडात घोटभर पानी घालत्यात. आई असंल तर आईनं घालायचं. समदी म्हनले, वच्छला, घाल. तांब्या दिला हातात. म्या त्यो तांब्या अंगनात वतून दिला. म्हनलं, माळ घालून दारू पिला, ह्येच्या तोंडाला मी हात लावत न्हाई. त्यो पानी मागत गेला, आन म्या बी दिलं न्हाई. कुनामुळं? तुज्यामुळं.

राधाकिशन: चुकलं माझं.

वच्छलाबाई: सारजे, नाथा कुटं उबा व्हता त्या दिशी?

सारजाबाई: हितंच. मालाच्या म्होरं. ह्ये उबे हायत तितं.

वच्छलाबाई: मंग ह्येला तितंच ऱ्हाऊ दे.

राधाकिशन: सारजा, शपथ घातलीस तू. लेकीची.

सारजाबाई: मोडत न्हाई. माल उतरवनार. पन हाक माज्या गळ्यातनं निघायची न्हाई आता. तुमी द्या.

राधाकिशन: मी? मला काय येतं त्यातलं?

सारजाबाई: पाचर काडायला येती, हाक द्यायला का येत न्हाई? सोपं हाय. 'हुश्शार' म्हनलं की मान्सं पाचरीला हात घालत्यात. 'ढील' म्हनलं की सटवा भावजी दोर हातभर सोडत्यात, माल येक पाऊल खाली येतो. 'बस' म्हनलं की पाचर बसती. तुमी मालाकडं तोंड करून येक पाऊल मागं सरायचं. धा पावलं हायती.

राधाकिशन: आणि सटवानं दोर सोडला तर?

सारजाबाई: आता कसं समद्या गावासमोर म्हनले तुमी, सटवाची चूक नव्हती. इस्वास ठिवा की मग.

राधाकिशन: तू थांब माझ्याबरोबर इथं.

सारजाबाई: मी बाजूला होते. मालाम्होरं येकालाच जागा असती.

राधाकिशन: मी नाही देणार हाक.

सारजाबाई: मग ऱ्हाऊ द्या दारात. पाचर लावलेली हाय, मी टोळी घेऊन पालीला जाते. साहेबाला हितंच खुर्ची टाका, बसू द्या प्रेसकडं बघत. ह्या साली कापूस बी दारातच वता.

राधाकिशन: ... थांब. थांब, जाऊ नको. देतो.

सारजाबाई: सटवा भावजी, आयका. ह्या खेपंला हाक आबा देनार. मी न्हाई. त्येंच्याच हाकंवर हात चालवायचा. ... मान डोलवली त्येंनी. द्या.

राधाकिशन: हुश्शार.

सारजाबाई: वर पोचला न्हाई आवाज.

राधाकिशन: हुश्शार. ... ढील. ... अगं आलं, आलं, अंगावर आलं.

सारजाबाई: ईतभर आलंय. 'बस' म्हना.

राधाकिशन: बस. बस, बस.

सारजाबाई: येकदाच म्हनायचं. तीनदा म्हनलं की वरच्यांचा घोळ व्हतो. आता येक पाऊल मागं सरा. मागं वळून बघायचं न्हाई.

राधाकिशन: पायाखाली काय हाय ते तरी बघू दे.

सारजाबाई: नाथा बघत नव्हता. म्होरं बघायचं.

राधाकिशन: हुश्शार. ढील. ... बस. ... किती राहिली?

सारजाबाई: आठ.

राधाकिशन: लोकं बघायलीत सगळी. साहेबांच्या गाड्या आल्या का बघ वर.

सारजाबाई: आल्या असत्याल. तुमी मालाकडं बघा.

राधाकिशन: हुश्शार. ... ढी... सारजा, हाक निघंना. घसा पार सुकला. मावशे, तुमच्यापाशी कळशी हाय ना, घोटभर पाणी द्या.

वच्छलाबाई: हाय की बाबा, भरलेली हाय. तू हाक दे.